थॉमस ॲडिसन

थॉमस ॲडिसन (एप्रिल १७९३ – २९ जून १८६०) हे इंग्लिश चिकित्सक, रोगनिदानतज्ज्ञ व वैद्यकाचे अध्यापक होते. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यामुळे होणाऱ्या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन त्यांनी केले. हा रोग आज ॲडिसन रोग या नावाने ओळखला जातो. जीवनसत्त्व ब-१२ शरीरात शोषले न गेल्यामुळे होणाऱ्या मारक पांडुरोगाचे प्रारंभीचे नेमके वर्णनही त्यांचेच आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये त्यांनी सुमारे चार दशके काम केले. अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

ॲडिसन यांनी ओळखलेल्या रोगावर त्यांच्या हयातीत कोणताही उपाय नव्हता. परिणामकारक संप्रेरक-उपचार उपलब्ध होण्यास त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे नव्वद वर्षे लागली. तथापि या उपचारावर देखरेख ठेवताना आजचे डॉक्टर ज्या खुणा पाहतात, त्यांपैकी काही ॲडिसन यांनी रुग्णशय्येजवळ उभे राहून टिपलेल्या आहेत.

बालपण व शिक्षण

ॲडिसन यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागातील न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन या गावी झाला. जन्मवर्षाबाबत चरित्रकारांत एकमत नाही. बहुतेक ठिकाणी ते १७९३ असे दिले जाते. वडील जोसेफ ॲडिसन किराणा मालाचे व पिठाचे व्यापारी होते. आईचे नाव सेरा असे होते. कुटुंब मूळचे कंबरलंड परगण्यातील लॅनरकॉस्टचे होते.

गावच्या शाळेनंतर ॲडिसन यांचे शिक्षण न्यूकॅसलच्या ग्रामर स्कूलमध्ये झाले. तेथे त्यांनी लॅटिन भाषेवर असे प्रभुत्व मिळवले की पुढे ते व्याख्यानांची टिपणेही लॅटिनमध्ये घेत असत. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. ॲडिसन यांनी मात्र १८१२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला आणि १८१५ मध्ये एम.डी. पदवी मिळवली. त्यांचा प्रबंध उपदंश हा रोग व त्यावर त्या काळी दिला जाणारा पारा या विषयावर होता.

लंडनमधील प्रारंभीची वर्षे

पदवीनंतर ॲडिसन लंडनला आले व लॉक हॉस्पिटलमध्ये निवासी शल्यचिकित्सक म्हणून काम करू लागले. याच काळात त्यांनी त्वचारोगांचे नामांकित तज्ज्ञ थॉमस बेटमन यांच्या हाताखाली अनुभव घेतला. त्वचेचा रंग, पोत, डाग व पुरळ यांतील सूक्ष्म भेद पाहण्याची सवय त्यांना येथे लागली. अधिवृक्क ग्रंथींच्या रोगाची पहिली खूण रुग्णाच्या त्वचेवरच उमटते, त्यामुळे हे शिक्षण त्यांच्या पुढील कार्यात निर्णायक ठरले.

यानंतर एम.डी. असूनही त्यांनी गाइज हॉस्पिटलमध्ये पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवले. १८१९ च्या अखेरीस त्यांना लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा परवाना मिळाला. १८३८ मध्ये ते त्या संस्थेचे फेलो झाले.

गाइज हॉस्पिटलमधील कार्य

थॉमस गाइ या धनिक ग्रंथविक्रेत्याने १७२१ मध्ये स्थापन केलेले गाइज हॉस्पिटल हे एकोणिसाव्या शतकात लंडनमधील वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र होते. ॲडिसन १८२४ मध्ये तेथे साहाय्यक चिकित्सक झाले. १८२७ पासून ते औषधिद्रव्यांवर व्याख्याने देऊ लागले, आणि ती ऐकण्यास विद्यार्थ्यांची गर्दी होऊ लागली. १८३७ मध्ये त्यांची पूर्ण चिकित्सक म्हणून नेमणूक झाली. मूत्रपिंडाच्या रोगावरील संशोधनामुळे प्रसिद्ध झालेले रिचर्ड ब्राइट आणि लसीकाग्रंथींच्या रोगाला ज्यांचे नाव मिळाले ते थॉमस हॉजकिन हे ॲडिसन यांचे समकालीन होत. या तिघांमुळे गाइज हॉस्पिटलला वैद्यकाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले.

रुग्ण जिवंत असताना त्याची लक्षणे बारकाईने लिहून ठेवायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेले दोष त्या लक्षणांशी ताडून पाहायचे, ही या रुग्णालयाची अभ्यासपद्धती होती. ॲडिसन यांचे सर्व महत्त्वाचे संशोधन याच पद्धतीने झाले.

१८२९ मध्ये त्यांनी जॉन मॉर्गन यांच्यासह विषांच्या जिवंत शरीरावरील क्रियेविषयी ग्रंथ लिहिला. १८३७ मध्ये आचके व पेटके येणाऱ्या विकारांत विजेच्या उपयोगावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. १८३९ मध्ये ब्राइट यांच्या सहकार्याने त्यांनी वैद्यक व्यवसायाच्या मूलतत्त्वांवरील पाठ्यपुस्तक प्रकाशित केले. त्याचा पहिलाच खंड निघाला. त्यात आंत्रपुच्छाच्या दाहाचे स्पष्ट वर्णन आढळते. न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साठतो, हे त्यांनी दाखवून दिले. विल्यम गल यांच्यासह त्यांनी त्वचेवरील पिवळसर गाठींच्या विकाराचेही वर्णन केले.

पांडुरोग व १८४९ चे व्याख्यान

ॲडिसन यांच्या पाहण्यात काही असे रुग्ण आले की त्यांना रक्तस्राव झालेला नसे, कर्करोग किंवा क्षय आढळत नसे, तरीही ते दिवसेंदिवस फिकट व अशक्त होत जात आणि अखेर दगावत. या पांडुरोगाचे कारण शोधताना शवविच्छेदनात त्यांना काही रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त दिसल्या. मार्च १८४९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण साउथ लंडन मेडिकल सोसायटीपुढे मांडले.

या ग्रंथींचे वर्णन इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाची यांनी सोळाव्या शतकातच केले होते. परंतु त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे त्यांचे कार्य कोणालाही सांगता आले नव्हते. ॲडिसन यांच्या पहिल्या मांडणीत दोन वेगळे रोग एकत्र मिसळले होते: एक रक्ताचा आणि दुसरा अधिवृक्क ग्रंथींचा. पुढील सहा वर्षांत अधिक रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी हे दोन्ही रोग वेगळे केले. पहिला रोग पुढे मारक पांडुरोग म्हणून ओळखला गेला. काही देशांत तो ॲडिसन व त्यानंतर त्याचे वर्णन करणारे अँटोन बीर्मर यांच्या जोडनावानेही ओळखला जातो.

१८५५ चा ग्रंथ

१८५५ मध्ये ॲडिसन यांनी अधिवृक्क ग्रंथींच्या रोगाचे शरीरावर होणारे परिणाम या विषयावर छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अकरा रुग्णांची हकिगत असून रुग्णांची त्वचा व रोगट ग्रंथी दाखवणारी रंगीत चित्रे आहेत.

ॲडिसन यांनी नोंदवलेली लक्षणे पुढीलप्रमाणे होती. रुग्णाला हळूहळू थकवा व निरुत्साह येतो. नाडी मऊ व क्षीण होते. भूक मंदावते, मळमळ व उलट्या होतात, पोटात दुखते. वजन घटते. या सर्वांसोबत त्वचेचा रंग बदलतो: चेहरा, मान, हात, काखा, जांघा व बेंबीभोवतीचा भाग धुरकट किंवा तपकिरी होत जातो. शेवटी नाडी अधिकाधिक क्षीण होऊन रुग्ण दगावतो. शवविच्छेदनात त्यांना सर्वाधिक रुग्णांच्या ग्रंथींत क्षयरोग, काहींच्या ग्रंथींत कर्करोग, तर एखाद्याच्या ग्रंथी आकसून सुकलेल्या आढळल्या. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते तेव्हा ग्रंथी अशाच आकसतात, हे विसाव्या शतकात समजले.

कारणे भिन्न असली तरी लक्षणे सारखी होती. त्यावरून, रोग कोणताही असो, ग्रंथींचे कार्य बंद पडणे हेच या लक्षणांचे मूळ होय, असा निष्कर्ष निघत होता. हे कार्य कोणते, ते ॲडिसन यांना सांगता आले नाही आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. संप्रेरक ही संकल्पना तेव्हा अस्तित्वात नव्हती. परंतु नगण्य समजल्या गेलेल्या या लहानशा ग्रंथींवाचून मनुष्य जगू शकत नाही, हे त्यांच्या ग्रंथाने दाखवून दिले.

मतभेद व नामकरण

ग्रंथाचे स्वागत संमिश्र झाले. १८५६ मध्ये शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या असता ते प्राणी थोड्याच काळात मेल्याचे आढळले. त्यामुळे ॲडिसन यांच्या निष्कर्षास बळ मिळाले. पॅरिसमधील नामवंत चिकित्सक आर्मां त्रूसो यांनी या विकारास ॲडिसन यांचे नाव दिले. याउलट एडिंबराचे जॉन ह्यूज बेनेट यांच्यासारख्या काहींनी असा स्वतंत्र रोग असल्याचेच नाकारले. त्वचा काळवंडलेली असूनही ग्रंथी निरोगी असल्याची उदाहरणे विरोधक पुढे करीत. गाइज हॉस्पिटलमधील सॅम्युएल विल्क्स यांनी नवे रुग्ण जमवून खरे व भासमान रुग्ण यांतील फरक स्पष्ट केला आणि गुरूचे मत पुढे प्रस्थापित केले. ॲडिसन यांच्या प्रकाशित लेखनाचा संग्रह विल्क्स व डाल्डी यांच्या संपादनाखाली १८६८ मध्ये निघाला.

स्वभाव व अखेरचे दिवस

ॲडिसन अत्यंत लाजाळू होते. त्यांचा हा संकोच लपवणारा रुक्ष व करारी आविर्भाव पाहून अनेकांना ते गर्विष्ठ वाटत. त्यामुळे त्यांचा खासगी व्यवसाय फारसा वाढला नाही. विद्यार्थ्यांना मात्र त्यांच्याविषयी नितांत आदर होता. निदान निश्चित होईपर्यंत रुग्णाची पुनःपुन्हा तपासणी करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. औषधयोजनेत त्यांना तितका रस नसे. निदानाच्या समाधानात औषध लिहून देण्याचेच ते कधीकधी विसरत, अशी आख्यायिका आहे.

१८४७ मध्ये लॅनरकॉस्टच्या चर्चमध्ये एलिझाबेथ कॅथरिन हॉक्सवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या विधवा असून त्यांना आधीची दोन मुले होती. ॲडिसन यांना स्वतःचे अपत्य नव्हते.

ॲडिसन यांना नैराश्याच्या आजाराने ग्रासले होते. १८६० मध्ये प्रकृती बिघडल्याने त्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहून रुग्णालयाचा निरोप घेतला आणि ते समुद्रकाठच्या ब्रायटन येथे राहावयास गेले. तेथे २९ जून १८६० रोजी त्यांनी आत्महत्या केली. लॅनरकॉस्ट येथे त्यांचे दफन करण्यात आले.

उपचाराचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कामुळे रक्तदाब वाढतो असे आढळले आणि १९०१ च्या सुमारास ग्रंथीच्या आतल्या भागातील ॲड्रेनॅलिन वेगळे करण्यात आले. परंतु ॲडिसन रोगाच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही. जीवनास आवश्यक द्रव्ये ग्रंथीच्या बाहेरच्या थरात, म्हणजे बाह्यकात, तयार होतात हे हळूहळू स्पष्ट झाले. १९३० च्या सुमारास बाह्यकाचे अर्क वापरले जाऊ लागले. त्याच दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉबर्ट लोब यांनी या रोगात शरीरातील मीठ मूत्रावाटे निघून जाते व जादा मीठ दिल्यास रुग्णाला आराम पडतो, हे दाखवले.

एडवर्ड केंडल व टाडेयुस राइखस्टाइन यांनी बाह्यकातील संप्रेरके वेगळी केली. त्यांना व फिलिप हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन औषधरूपाने मिळू लागल्यावर वर्षा-दोन वर्षांत जीव घेणारा हा रोग आयुष्यभर सांभाळता येण्याजोगा झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना १९४७ मध्ये याच रोगाचे निदान झाले होते आणि संप्रेरक-उपचाराच्या आधाराने ते पुढे सार्वजनिक जीवनात वावरले.

संप्रेरक-उपचारावरील देखरेख

या रुग्णांना सामान्यतः दोन औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन दिले जाते. प्रौढांमध्ये त्याचे दिवसाचे प्रमाण बहुधा १५ ते २५ मिलिग्रॅम असते. ते दोन किंवा तीन वेळांत विभागून, सर्वांत मोठी मात्रा सकाळी उठताच घेतली जाते, कारण निरोगी शरीरातही कॉर्टिसॉल पहाटे सर्वाधिक असते. मीठ व पाणी राखणाऱ्या ॲल्डोस्टेरोनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन देतात.

थायरॉइडच्या गोळीची मात्रा रक्ताच्या एका चाचणीवरून ठरवता येते. हायड्रोकॉर्टिसोनसाठी अशी भरवशाची चाचणी नाही. गोळी घेतल्यावर रक्तातील प्रमाण झपाट्याने चढते व काही तासांत उतरते, त्यामुळे एका वेळच्या मोजमापावरून फारसे कळत नाही. अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे पोष ग्रंथीचे एसीटीएच हे संप्रेरक पुरेशा उपचारानंतरही पुष्कळदा वाढलेलेच राहते. ते सामान्य पातळीवर आणण्याच्या प्रयत्नात औषध अति होण्याचा धोका असतो.

म्हणून देखरेखीचा मुख्य आधार रुग्णाची हकिगत व प्रत्यक्ष तपासणी हाच आहे. थकवा, मळमळ, वजनातील घट, मीठ खाण्याची तीव्र इच्छा, उभे राहताच येणारी भोवळ आणि त्वचेचा वाढता काळसरपणा ही औषध अपुरे पडल्याची चिन्हे होत. त्वचा काळवंडण्याचे कारण आता ज्ञात आहे: वाढलेले एसीटीएच त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींना उत्तेजित करते. याउलट वाढते वजन, गोल चेहरा, पातळ त्वचा, चढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर आणि हाडांचा ठिसूळपणा ही मात्रा जास्त झाल्याची चिन्हे होत. लहान मुलांत उंचीची वाढ नियमित मोजतात. फ्लुड्रोकॉर्टिसोनची मात्रा ठरवताना झोपून व उभ्याने घेतलेला रक्तदाब, पायांवरील सूज आणि रक्तातील सोडियम व पोटॅशियम पाहतात.

ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल अधिक निर्माण करते. या रुग्णांत ते होत नाही. त्यामुळे तापात गोळ्यांची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करण्यास शिकवले जाते. सतत उलट्या होत असतील तर गोळी टिकत नाही व हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. प्रौढांमध्ये त्याची पहिली मात्रा १०० मिलिग्रॅम असते. विलंब झाल्यास रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो. यासाठी रुग्णाने आजाराची नोंद असलेले कार्ड जवळ बाळगावे आणि घरच्या माणसांनाही या गोष्टी माहीत असाव्यात, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

स्वयंप्रतिकारामुळे हा रोग झालेल्यांत थायरॉइडचे विकार, मधुमेह व ब-१२ ची कमतरता यांचीही ठरावीक काळाने तपासणी करतात. ॲडिसन यांनी परिश्रमपूर्वक वेगळे केलेले दोन रोग एकाच रुग्णात एकत्र आढळू शकतात आणि त्यांचे मूळही समान असू शकते, हे आता ज्ञात आहे.

भारतातील संदर्भ

पाश्चात्त्य देशांत ॲडिसन रोगाचे प्रमुख कारण आता स्वयंप्रतिकार हे आहे. भारतात मात्र, ॲडिसन यांच्या काळातील लंडनप्रमाणे, क्षयरोग हे अद्यापही महत्त्वाचे कारण आहे. हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीजन्य रोगामुळेही ग्रंथी निकामी होतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध शरीरातील कॉर्टिसॉल लवकर नष्ट करते, म्हणून ते चालू असताना हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते. तसेच अन्य आजारांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ते एकदम बंद केल्यास, मंदावलेल्या ग्रंथींमुळे अशीच अवस्था उद्भवू शकते.

ॲडिसन यांचे वर्णन गोऱ्या त्वचेच्या रुग्णांवरून केलेले आहे. सावळ्या रंगाच्या व्यक्तीत चेहऱ्यावरील बदल उन्हाने रापल्यासारखा वाटून सहज नजरेआड होतो. अशा वेळी तळहाताच्या रेषा, बोटांची पेरे, हिरड्या, गालांची आतली बाजू व जुन्या जखमांचे व्रण पाहणे उपयुक्त ठरते.

उष्ण हवामानात घामावाटे मीठ जाते, त्यामुळे या रुग्णांना आहारात अधिक मीठ व प्रसंगी फ्लुड्रोकॉर्टिसोनची वाढीव मात्रा लागते. बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर तुलनेने थंड असले तरी पूर्णेच्या खोऱ्याकडील मलकापूर, शेगाव, खामगाव या भागांत उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा प्रदेशात शेतात राबणाऱ्या, उपवास करणाऱ्या किंवा दिंडीसोबत पायी चालणाऱ्या रुग्णाची मात्रा ठरवताना ऋतू व दिनचर्या यांचाही विचार करावा लागतो. रक्तदाबमापक, वजनकाटा आणि शांतपणे घेतलेली हकिगत ही या देखरेखीची मुख्य साधने प्राथमिक आरोग्य केंद्रातही उपलब्ध असतात.

स्मृती

गाइज हॉस्पिटलमध्ये ॲडिसन यांचा अर्धपुतळा असून तेथील प्रार्थनागृहात त्यांचा संगमरवरी स्मृतिफलक आहे. या ग्रंथींच्या आजाराने पीडित व्यक्तींच्या अनेक देशांतील स्वयंसाहाय्य संस्थांनी त्यांचे नाव धारण केले आहे.